ब्रिटनमध्ये मानव्यशाखेतली पीएचडी: निधीचा अर्ज नेमका कुणासाठी लिहायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मराठीत एमए, सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण, सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवताय, मोडी वाचता येते. एकोणिसाव्या शतकातल्या छापील मराठी लेखनावर ब्रिटनमध्ये पीएचडी करायची आहे, पण पदरचे पैसे घालून ते शक्य नाही. गेल्या वर्षी एका विद्यापीठाने प्रवेश दिला आणि निधी मात्र नाकारला. अर्जात काय चुकलं, पुन्हा प्रयत्न करावा का, आणि चौतिसाव्या वर्षी हे सगळं सुरू करायला उशीर झालाय का, हे तुम्ही विचारलंय. सोबत जोडलेला जुना संशोधन-आराखडा मी दोनदा वाचला.

प्रवेश मिळाला आणि पैसे मिळाले नाहीत, याचा अर्थ तुम्ही कुठे कमी पडलात असा लावू नका. हे दोन निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर होतात. प्रवेश देताना विभागातले दोघं-तिघं एवढंच बघतात की ही व्यक्ती पीएचडी पूर्ण करू शकेल का आणि तिला मार्गदर्शन करणारं आपल्याकडे कुणी आहे का. निधीच्या टेबलावर तुमचा अर्ज मध्ययुगीन चर्चसंगीत, समकालीन नृत्य, पुरातत्त्व, भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान यांतल्या अर्जांच्या शेजारी ठेवला जातो आणि त्यांतून मोजकेच निवडले जातात. मी गेली अनेक वर्षं ब्रिटनमध्ये शिकवते आहे आणि अशा निवड समित्यांवर बऱ्याच वेळा बसले आहे. तुमच्या आराखड्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच: तो तुम्ही तुमच्या विषयातल्या प्राध्यापकांसाठी लिहिला आहे, आणि जे वाचणार आहेत ते तुमच्या विषयातले नाहीत.

हा वाचक कोण असतो ते नीट डोळ्यांसमोर आणा. समजा, फ्रेंच चित्रपटाचे अभ्यासक आहेत. चाळीस अर्ज त्यांच्या पुढ्यात आहेत आणि स्वतःचं शिकवणं सांभाळून ते दहा दिवसांत वाचायचे आहेत. मराठी ही कोट्यवधी लोकांची भाषा आहे हे त्यांना कदाचित ऐकून माहीत असेल, कदाचित नसेलही. पण चांगला संशोधनप्रश्न कसा असतो हे त्यांना पुरेपूर कळतं. पुराव्यावरून निष्कर्ष कसा निघतो, तीन-साडेतीन वर्षांत काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही, हेही कळतं. हा माणूस बुद्धिमान आहे, सहानुभूतीने वाचणारा आहे, फक्त तुमचं जग त्याला ठाऊक नाही. बैठकीत तुमच्या बाजूने बोलायचं तर दोन वाक्यांत तुमचा प्रकल्प त्याला दुसऱ्यांना सांगता आला पाहिजे. ती दोन वाक्यं त्याने स्वतः जुळवायची नसतात, ती तुमच्या आराखड्यातच तयार असावी लागतात. मी बैठकीत असे अर्ज मागे पडताना पाहिले आहेत ज्यांत विद्वत्ता ठासून भरलेली होती, पण "ही नेमकं काय शोधणार आहे?" असं अध्यक्षांनी विचारल्यावर ते वाचलेल्या दोघांनाही उत्तर देता आलं नाही. फार वाईट वाटतं अशा वेळी.

आता तुमचा आराखडा. शीर्षक आहे 'एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीलेखनाचा चिकित्सक अभ्यास'. आपल्याकडच्या विद्यापीठांत अशी शीर्षकं सर्रास चालतात, कारण तिथे विषय नोंदवायचा असतो. ब्रिटनमध्ये प्रश्न मांडायचा असतो. 'चिकित्सक अभ्यास' म्हटल्याने तुम्ही काय तपासणार ते कळत नाही. त्यानंतरची दीड पानं पार्श्वभूमीत गेली आहेत: इंग्रजी राजवट, मुद्रण, सुधारणा, स्त्रीशिक्षण. सगळं बरोबर आहे, पण ते तुमच्याआधी पुष्कळांनी लिहिलेलं आहे. चौथ्या परिच्छेदात मात्र एक वाक्य आहे, तेही जाता जाता आलेलं: सरकारी याद्यांमध्ये स्त्रियांच्या पुस्तकांची नोंद कोणत्या सदराखाली झाली हे पाहणे उद्बोधक ठरेल. मी तिथे थांबले. तुमची पीएचडी या वाक्यात आहे.

हे उलगडून बघू. १८६७ च्या कायद्याने छापखान्यांवर आणि पुस्तकांवर नोंदणी लादली गेली. छापलेलं पुस्तक सरकारकडे जमा करायचं आणि सरकारने दर तिमाहीला यादी प्रसिद्ध करायची. त्या यादीत पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, विषय, छपाईचं ठिकाण, पानं, किती प्रती काढल्या, किंमत, मालकी हक्क कुणाचा, असे रकाने असत. विषयाच्या रकान्यात काव्य, धर्म, इतिहास, चरित्र, संकीर्ण असं काहीतरी कुणीतरी लिहीत होतं. एखाद्या बाईचं पुस्तक 'धर्म' म्हणून नोंदलं गेलं की 'संकीर्ण' म्हणून, हे ठरवणारा माणूस कोण होता? त्याने ते पुस्तक वाचलं होतं का? आणि त्याच पुस्तकाबद्दल त्या काळातली मराठी नियतकालिकं काय म्हणत होती? सरकारी वर्गीकरण आणि मराठी वाचकांनी लावलेला अर्थ यांत जर सातत्याने अंतर दिसत असेल, तर साम्राज्याच्या कागदपत्रांतून स्त्रियांचं लेखन कसं दिसलं आणि कसं दिसेनासं झालं याबद्दल तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नवं आहे. हा प्रश्न फ्रेंच चित्रपटाच्या अभ्यासकालाही कळतो, कारण चित्रपटांचं वर्गीकरण कोण करतं आणि त्याने काय बदलतं हा प्रश्न त्याच्याही कामात येतो. आपल्या विषयातलं खास मराठीपण जराही न सोडता तो दुसऱ्याच्या जवळ नेणं म्हणजे काय, त्याचं हे उदाहरण समजा.

म्हणून पहिला परिच्छेद असा काहीसा व्हावा: १८६७ नंतर मुंबई इलाख्यात छापून नोंदवल्या गेलेल्या प्रत्येक पुस्तकाला सरकारी यादीत एक सदर मिळालं. स्त्रियांनी लिहिलेल्या मराठी पुस्तकांना कोणती सदरं मिळाली, ती कुणी आणि कशाच्या आधारे दिली, आणि समकालीन मराठी वाचकांच्या प्रतिसादाशी ती कितपत जुळतात, हे मी तपासणार आहे. बस. पार्श्वभूमी यानंतर आणि तीही प्रश्नाला लागेल तेवढीच. आराखड्याला साधारण ७५० ते १५०० शब्दांचीच मुभा असते, विद्यापीठागणिक मर्यादा बदलते, आणि ती ओलांडली तर काही ठिकाणी पुढचं वाचलंच जात नाही.

आधीच्या संशोधनाबद्दल लिहिताना तुम्ही नावांची रांग लावली आहे. अमुक यांनी हे म्हटलं, तमुक यांनी ते म्हटलं. समितीला तुमचं वाचन किती हे मोजायचं नसतं. ती हे बघते की या सगळ्या चर्चेत तुम्ही कुठे उभ्या आहात. तीन किंवा चार अभ्यास निवडा, त्यांनी काय सिद्ध केलं ते एकेका वाक्यात प्रामाणिकपणे सांगा, आणि त्यांच्या हातून काय सुटलं किंवा त्यांना कोणता पुरावा वापरता आला नाही ते सांगा. 'या विषयावर आजवर कुणीही काम केलेलं नाही' हे वाक्य काढून टाका. एक तर ते बहुधा खरं नसतं, आणि खरं असलं तरी त्याने काही सिद्ध होत नाही. काम झालेलं नाही याची शंभर कारणं असू शकतात.

साधनं आणि वेळ या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण निधीचे निर्णय इथे फिरतात. तुम्ही लिहिलंय, 'ब्रिटिश लायब्ररीतील दुर्मीळ साधनांचा उपयोग केला जाईल.' कोणत्या साधनांचा? १८६८ ते १९०० धरलं तर ३३ वर्षं, वर्षाला चार याद्या, म्हणजे १३२ याद्या. प्रत्येक यादीत कित्येक भाषांची पुस्तकं. सगळ्या वाचणार की ठरावीक अंतराने निवडलेल्या? १८७०, १८८०, १८९० आणि १९०० अशी चार वर्षं पूर्ण वाचली तर १६ याद्या होतात आणि ते एका हिवाळ्यात होण्यासारखं काम आहे. मग त्या १६ याद्यांतून स्त्रियांची पुस्तकं बाजूला काढायची, त्यांतली किती आज उपलब्ध आहेत ते शोधायचं, आणि त्यांतल्या दहा-बारा पुस्तकांवर सखोल प्रकरणं लिहायची. असा हिशोब आराखड्यात दिसला की वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मानव्यशाखेतला प्रबंध साधारण ८०,००० ते १,००,००० शब्दांचा असतो. पाच प्रकरणं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येतात आणि त्याला किती महिने लागतात, हे तुम्ही स्वतःसाठी तरी कागदावर मांडाच.

अडचण आली तर काय, हेही लिहा. याकडे पूर्वी फार कुणी लक्ष देत नसे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, ऑनलाइन सूची बंद पडली आणि जानेवारी २०२४ मध्ये ती मर्यादित स्वरूपात परत आली. डिजिटल सेवा पूर्ववत व्हायला त्याहून पुष्कळ जास्त काळ लागला. ज्यांचा सगळा प्रबंध त्या एका इमारतीवर अवलंबून होता त्या विद्यार्थ्यांचे ते महिने मी जवळून पाहिले आहेत. तुमच्याकडे पुणे-मुंबईतल्या जुन्या ग्रंथालयांचा पर्याय आहे आणि तो तुम्हाला चांगला माहीत आहे. एका वाक्यात तो नोंदवा. त्याने तुम्ही अनुभवी वाटता, आणि तुम्ही आहातच.

यानंतर 'इथेच का' हा प्रश्न. विद्यापीठाची कीर्ती, जागतिक क्रमवारी, समृद्ध परंपरा, ही वाक्यं वाचणारे त्या विद्यापीठात रोज कामाला जातात, त्यांना ती ऐकवायची गरज नसते. तुम्हाला सांगायचं आहे ते असं: अमुक मार्गदर्शक मुद्रणसंस्कृतीवर काम करतात, दुसरे वासाहतिक दप्तरांवर, आणि माझा प्रश्न या दोहोंच्या मधोमध पडतो. मार्गदर्शक मराठी जाणणारेच हवेत असा आग्रह धरू नका. ब्रिटनमध्ये मराठी वाचणारे मार्गदर्शक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ग्रंथेतिहास, स्त्री-अभ्यास, साम्राज्याचा इतिहास यांतले भक्कम मार्गदर्शक आणि भाषेसाठी दुसरा सहमार्गदर्शक, प्रसंगी बाहेरच्या विद्यापीठातला, ही रचना चालते.

या मार्गदर्शकांना तुम्ही गेल्या वर्षी अर्ज भरल्यानंतर पत्र लिहिलंत. क्रम उलटा हवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पुढच्या शरदात सुरुवात करायची असेल तर साधारण वर्षभर आधी, छोटा ईमेल पाठवा. दीडशे-दोनशे शब्द: तुम्ही कोण, तुमचा प्रश्न काय, त्यांच्या कोणत्या लेखनाशी तो भिडतो, आणि एक पानी आराखडा बघायला त्यांना वेळ होईल का. एकाच मजकुराची पत्रं तीसजणांना पाठवू नका, ती ओळखू येतात. 'रिस्पेक्टेड सर' ऐवजी 'डिअर डॉक्टर' आणि आडनाव एवढं पुरे. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून द्या, तिथले लोक ऑक्टोबरमध्ये कामात बुडालेले असतात. होकार देणारा मार्गदर्शक तुमचा आराखडा दोन-तीनदा वाचून सुधारून घेतो, आणि विभागाने कुणाची नावं निधीसाठी पुढे पाठवायची हे ठरतं तेव्हा तुमच्यासाठी बोलतो. बहुतेक ठिकाणी विभागाची चाळणी आधी लागते. मार्गदर्शकाशिवाय आलेला अर्ज बऱ्याचदा तिथेच अडकतो. माझ्या अंदाजाने तुमचाही तिथेच अडकला.

तुमच्याबद्दल. मोडीचा उल्लेख तुम्ही अर्जाच्या शेवटच्या ओळीत, छंदांच्या जवळपास केला आहे. ती वर आणा! प्रत्यक्ष हस्तलिखित वाचू शकणारा उमेदवार म्हणजे समितीच्या दृष्टीने प्रशिक्षणाचं एक वर्ष वाचलेलं असतं. कोणत्या काळातली कागदपत्रं किती सहज वाचता येतात, कुठे शिकलात, कोणत्या दप्तरात बसून काम केलंत, हे सांगा. सहा वर्षांचं शिकवणंही नुसतं अनुभव म्हणून मोजू नका. वर्गात मुलींना हे जुने मजकूर वाचायला देताना तुमच्या मनात हा प्रश्न कसा आला, ते तुम्ही मला पत्रात किती सुंदर सांगितलंत. ते अर्जात एका ठिकाणीही नाही.

गुणांची काळजी तुम्ही जरा जास्तच करताय. आपल्याकडे ६२ टक्के म्हणजे काय, हे तिथल्या वाचकाला आपोआप कळत नाही हे खरं. पण ते तुम्ही स्वतः समजावून सांगण्यापेक्षा तुमच्या शिफारसपत्रात येऊ दे: त्या वर्षी वर्गात तुमचा क्रम कितवा होता, त्या विभागात पहिला वर्ग किती जणांना मिळतो. शिफारसपत्रांमुळे आपल्याकडच्या मुलांचं फार नुकसान होतं आणि ते मुलांना कधी कळतही नाही. 'अतिशय मेहनती, नम्र आणि नियमित विद्यार्थिनी' हे पत्र लिहिणाऱ्या सरांना तुमच्याबद्दल मनापासून आपुलकी असते, पण समितीला त्यातून संशोधनाबद्दल एक शब्दही मिळत नाही. म्हणून संकोच न करता सरांकडे जा. नवा आराखडा, तुमचा एमएचा प्रबंधिका-लेख आणि निवडीचे निकष त्यांच्या हाती द्या आणि सांगा, "सर, त्या लेखात मी जो मुद्दा मांडला होता त्याबद्दल चार ओळी लिहाल का?" कुठल्या पुराव्यावर तुम्ही कशी मेहनत घेतली, कोणतं मत बदललंत, इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत कुठे आहात, असं ठोस लिहिलेलं एक पान सगळ्या विशेषणांना भारी पडतं. मुदतीआधी निदान महिनाभर त्यांना विचारा.

लेखनाचा नमुना मागतील. तुमचं उत्तम लेखन मराठीत आहे, तर त्यातलंच एक प्रकरण तुम्ही स्वतः इंग्रजीत नव्याने लिहा. शब्दशः भाषांतर नको, कारण मराठी समीक्षेतली वाक्याची लय इंग्रजीत नेली की मुद्दा हरवतो. इंग्रजी साधं असलं तरी चालेल. भाषेच्या परीक्षेत बहुतेक मानव्य विभाग आयईएल्टीएसचे ७ किंवा ७.५ मागतात. ती परीक्षा लवकर देऊन टाका म्हणजे डोक्यावरचं एक ओझं उतरेल.

आता पैसे कुठून येतात ते. ब्रिटनमध्ये या शाखांचा मुख्य सरकारी निधी आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज रिसर्च काउन्सिल देते. सगळे तिला एएचआरसी म्हणतात. हे काउन्सिल २००५ साली झालं आणि २०१८ पासून यूकेआरआय (यूके रिसर्च अँड इनोव्हेशन) या सरकारी संस्थेच्या छत्राखाली आहे. व्यक्तीने थेट तिच्याकडे अर्ज करायचा नसतो, विद्यापीठामार्फतच जावं लागतं. गेली काही वर्षं विद्यापीठांचे गट मिळून हा निधी वाटत, मिडलँड्स फोर सिटीज, टेक्नी, चेस अशी त्यांची नावं तुम्हाला जुन्या सल्ल्यांत सापडतील. आता ती व्यवस्था बदलून विद्यापीठांना डॉक्टरल लँडस्केप अवॉर्ड या नावाने निधी देण्याची पद्धत येते आहे आणि एकूण जागाही कमी होत आहेत. म्हणून चार वर्षांपूर्वीच्या सल्ल्यावर विसंबू नका, ज्या विद्यापीठात जायचं त्याचं या वर्षीचं पान वाचा. २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही हा पूर्ण निधी मिळू शकतो, पण नव्या जागांपैकी जास्तीत जास्त ३० टक्केच. शिवाय यूकेआरआय शुल्क देतं ते स्थानिक दराने, २०२५-२६ साठी ५,००६ पौंड. परदेशी विद्यार्थ्याचं शुल्क त्याच्या कित्येक पट असतं. वरचा फरक विद्यापीठ माफ करणार का, हा प्रश्न लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

संग्रहालयं आणि ग्रंथालयं विद्यापीठांसोबत मिळून ज्या जागा काढतात त्यांच्याकडे आपल्या मुलांचं लक्ष जात नाही. यात विषय आधीच ठरलेला असतो आणि नोकरीसारखी जाहिरात येते. ब्रिटिश लायब्ररी, ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट अशा संस्था यात आहेत. दक्षिण आशियाई संग्रहांवरचा विषय निघाला तर मोडी वाचणाऱ्या तुम्ही फार बळकट उमेदवार ठराल. पण तिथे स्वतःचा आराखडा रेटू नका. त्यांनी दिलेला विषय तुम्ही कसा पुढे न्याल ते लिहा.

विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडनसाठी निराळा अर्ज लागत नाही, डिसेंबर-जानेवारीच्या मुदतीत प्रवेश अर्ज केला की विचार होतो. केंब्रिजची गेट्स शिष्यवृत्ती ब्रिटनबाहेरच्या सगळ्यांसाठी आहे, तिथे अभ्यासाबरोबर सामाजिक बांधिलकीही बघतात. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, लंडनमधलं सोआस आणि रेडिंग या विद्यापीठांत भारतीयांना मिळते. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची मदत छोटी असते, पण नेमकी कला आणि मानव्यशाखांसाठी असल्याने पुढे कधीतरी उपयोगी पडेल.

आता सरकारी शिष्यवृत्त्या. तुम्ही अनुसूचित जातीतल्या असल्याचं लिहिलंय, म्हणून दोन गोष्टी. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएचडीलाही आहे, पण विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघितलं जातं, तेव्हा विद्यापीठं निवडतानाच ते तपासा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपबाबत मात्र सावध राहा. २०२२ मध्ये तिच्या नियमांत बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. हा बदल मला तेव्हाही अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो. ज्या समाजातल्या मुलांना स्वतःचा इतिहास स्वतः लिहायचा आहे, त्यांच्याच वाटेत तो येतो. तुमचा विषय थेट त्यात सापडतो. अर्जात वेळ घालवण्याआधी चालू वर्षाची नियमावली ओळ न् ओळ वाचा.

पोटापाण्याचा हिशोब. यूकेआरआयचं किमान विद्यावेतन २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड, म्हणजे महिन्याला साधारण १,७३० पौंड. लंडनमध्ये वर्षाला २,००० पौंड जास्त. त्यावर आयकर नसतो. एकटीचं काटकसरीने भागतं, लंडनमध्ये घरभाड्याने ओढाताण होते. निघण्याआधीच भरायची रक्कम मात्र लोकांना अचानक समोर येते: आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचे पैसे, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. चार वर्षांचा व्हिसा धरला तर ३,१०४ पौंड. विद्यापीठ तो देतं का, उसने देतं का, हे निवड झाल्याबरोबर विचारा. तुमच्या मुलीबद्दल विचारलंय तर, जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येत नाही, पण पीएचडीच्या विद्यार्थ्यांना ती परवानगी आहे. तिचाही व्हिसा आणि आरोग्य अधिभार वेगळा भरावा लागेल, तेवढं आधी धरून चाला.

गेल्या वर्षीचा बिननिधीचा प्रवेश हातात आहे म्हणून कर्ज काढून जाण्याचा विचार तुम्ही पत्रात एकदा बोलून दाखवलाय. कृपा करून तसं करू नका. 'पहिलं वर्ष भरा, मग काहीतरी मिळेल' असं सांगणारे भेटतात. सुरू झालेल्या विद्यार्थ्याला मधूनच पूर्ण निधी मिळणं फार विरळ. मी असे दोन विद्यार्थी पाहिले आहेत ज्यांनी दुसऱ्या वर्षी हुशारी असूनही काम सोडलं, कारण रात्रीच्या पाळ्या करून दिवसा दप्तरात बसणं शरीराला झेपेना. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का ते विचारा, नाहीतर सरळ नव्याने अर्ज करा. पुन्हा अर्ज केल्याचं समितीला वावडं नसतं. माझा स्वतःचा पहिला अर्ज नाकारला गेला होता आणि दुसऱ्या वर्षी त्याच विषयावर, पण प्रश्न धारदार करून केलेला अर्ज मंजूर झाला. मधल्या वर्षात मी एक लेख लिहिला आणि दप्तरात तीन महिने बसले. तुम्ही या वर्षात मुंबई इलाख्याच्या दोन-तीन तिमाही याद्या जरी प्रत्यक्ष वाचल्यात, तरी आराखड्यातली 'केले जाईल' ही क्रियापदं 'केले, आणि असे आढळले' अशी होतील. अर्जाला याहून मोठं बळ दुसऱ्या कशाने येईल असं मला वाटत नाही.

आणि वय. यूकेआरआयच्या निधीला वयाची अट नाही. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत पीएचडीसाठी मर्यादा चाळीस वर्षांची आहे. माझ्याकडे आजवर ज्यांनी पीएचडी पूर्ण केली त्यांतले निम्मे तरी तिशी ओलांडून आलेले होते, एक बाई सत्तेचाळिसाव्या वर्षी आल्या. नवा आराखडा ऑगस्टअखेर एक पानी करून मला पाठवा. मी वाचेन आणि तुम्ही सप्टेंबरमध्ये कुणाला पत्रं लिहायची ते आपण मिळून ठरवू.